एकोणचाळीस ग्रेन

"पद्मजाकाकू गॅरेजमध्ये दारू मोजतात." हा अमेरिकेतल्या रेडमंडच्या मराठी मंडळातला जुना विनोद. पुण्याहून किंवा नागपूरहून नुकताच आलेला एखादा इंजिनिअर तो ऐकून दचकायचा. मग कोणीतरी त्याला समजावून सांगायचं, की अरे दारू म्हणजे बंदुकीची दारू. त्यावर तो आणखीच दचकायचा. पद्मजा हसबनीस तेवढ्यात ताट घेऊन पुढे सरकलेली असायची. खुलासे करत बसणं तिच्या स्वभावात नव्हतं.

विनोद होता, पण खोटं त्यात काही नव्हतं. ती खरोखरच दारू मोजायची. नवरा पुरुषोत्तम विमानांच्या कारखान्यात इंजिनिअर, आणि रायफलनं लांबच्या निशाण्यावर नेम धरायचा त्याला नाद. लांबच्या म्हणजे हजार यार्ड. तिथला काळा गोल नुसत्या डोळ्यांना मुगाच्या दाण्याएवढा दिसतो. एवढ्या लांब गोळी एकाच जागी पाडायची तर प्रत्येक काडतूस दुसऱ्यासारखं हवं, आणि दुकानात मिळणारी काडतुसं तशी नसतात. म्हणून हे लोक आपली काडतुसं घरी भरतात. पितळेची रिकामी पुंगळी साफ करायची, मापात आणायची, तळाला ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवायची, वजन करून दारू ओतायची आणि वर गोळी दाबून बसवायची. पुरुषोत्तमला नेम होता, पण धीर नव्हता. चार पुंगळ्या भरल्या की त्याचं लक्ष खिडकीबाहेर. पद्मजा मिरजेची, औषधशास्त्र शिकलेली, बेलव्ह्यूच्या एका हॉस्पिटलात तीस वर्षं औषधं मोजून दिलेली. एके दिवशी तिनं त्याच्या हातातून नरसाळं काढून घेतलं आणि म्हणाली, "तू फक्त मार. भरते मी."

तेव्हापासून भरायचं काम तिचं झालं. ग्रेन हे वजन तिला नवं नव्हतं. एका ग्रॅममध्ये पंधराच्या वर ग्रेन बसतात, आणि जुन्या औषधांच्या पुस्तकांत मात्रा ग्रेनमध्येच असायच्या. दारूचे शेवटचे दोन कण ती चिमट्यानं टाकायची. आणि हॉस्पिटलातला एक नियम तिनं गॅरेजातही आणला. डॉक्टरनं फोनवर औषधाची मात्रा सांगितली की ती ऐकून घ्यायची आणि लगेच परत म्हणून दाखवायची. दुसऱ्यानं "बरोबर" म्हटल्याशिवाय बाटलीला हात लावायचा नाही. पुरुषोत्तमनं "एकोणचाळीस ग्रेन" म्हटलं की ती म्हणायची, "परत म्हण." तो वैतागायचा, पण म्हणायचा. पुस्तकातल्या मर्यादेच्या आत, त्याच्या रायफलला मानवणारं आणि हजार यार्डांवर न भरकटणारं असं ते वजन दोघांनी तीन वर्षं खपून शोधलं होतं.

सप्टेंबर २००३ मध्ये डोंगरापलीकडच्या रेंजवर क्लबची वार्षिक मॅच झाली. वीस-वीस गोळ्यांच्या तीन फैरी, एकूण सहाशे गुण. स्कोअर लिहायला माणसं कमी पडली, म्हणून पुरुषोत्तमच्या मागे दुर्बीण लावून पद्मजाच बसली. शेवटची गोळी पडल्यावर निशाण्याखालच्या खंदकात बसलेल्या लोकांनी गुण दाखवणारं निशाण वर केलं. तिनं कार्डावर बेरीज केली आणि पुढे वाकून नवऱ्याच्या कानाशी म्हणाली, "एकोणतीस गेले." सहाशेतून एकोणतीस गेले, म्हणजे राहिले पाचशे एकाहत्तर. क्लबचा विक्रम पाचशे सत्तरचा. पुरुषोत्तम मॅटवर पालथाच पडून राहिला आणि नुसता हसत होता.

तीन आठवड्यांनी क्लबच्या कमिटीनं त्याला बोलावलं. तक्रार आली होती. नाव सांगणार नाही म्हणाले. पण तक्रारदार शेजारच्याच मॅटवर होता, आणि नवराबायकोचं आपसातलं बोलणं त्यानं ऐकलं होतं. त्यांनी जो आकडा उच्चारला तो वेगळा होता, आणि कार्डावर दोन गुण जास्त लिहिले गेले, असं त्याचं म्हणणं. तक्रारदाराला तुमची भाषा येते, असंही अध्यक्ष सहज बोलून गेले.

त्या क्लबात मराठी येणारा तिसरा माणूस एकच होता. निमिष.

निमिष म्हणजे पद्मजाच्या मैत्रिणीचा, सुवर्णाचा मुलगा. वयाच्या चौथ्या वर्षी अमेरिकेत आलेला, आता तिशीतला, सॉफ्टवेअर कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. लहानपणी मंडळाच्या रविवारच्या मराठी शाळेत तो पद्मजाच्याच वर्गात होता. पुढे पुरुषोत्तमचं बघून त्यालाही रायफलचा नाद लागला. पहिली काडतुसं त्याला पद्मजानं भरून दिली. घरी येऊन तिच्या हातचे दडपे पोहे खायचा आणि "हो काकू, नाही काकू" करायचा. तिच्या हाताखाली शिकलेल्या पोराला साधे आकडे कळले नाहीत, हे शक्यच नव्हतं. म्हणजे तो सरळ खोटं बोलला होता. कशासाठी? तर त्या मॅचला तो दुसरा आला होता. पद्मजाच्या डोक्यात हा हिशोब अर्ध्या मिनिटात बसला, आणि पुढे कधी हलला नाही.

पुरुषोत्तमनं भांडायला नकार दिला. "बायको स्कोअर लिहायला बसली, तीच माझी चूक. आता काय पुरावा देऊ?" विक्रमाच्या पाटीवर त्याचं नाव चढलंच नाही. रायफल त्यानं कपाटात ठेवली ती परत काढली नाही. लोक आपल्याला लबाड समजतात हे त्याच्या मनाला इतकं लागलं, की मंडळाच्या कार्यक्रमालाही जाईना. फेब्रुवारीत एका सकाळी गाडीतून किराणा उतरवताना तो खाली बसला, तो उठलाच नाही. हार्ट अटॅक, डॉक्टर म्हणाले. पद्मजाच्या लेखी तो खून होता.

अंत्यविधीला निमिष आला आणि काळा सूट घालून रडला. पद्मजानं त्याच्याकडे पाहिलं आणि मनात म्हणाली, तुझा घास घेतल्याशिवाय मी राहणार नाही.

पण घास घ्यायचा कसा? चौसष्ट वर्षांची बाई करणार काय? सुवर्णाशी तिनं बोलणं तोडलं, पण त्यानं निमिषचं काय बिघडणार. क्लबची मेंबरशिप तिनं सोडली नाही. दर मॅचला डोंगर ओलांडून जायची, स्कोअर लिहायला बसायची आणि निमिषच्या गोळ्या कुठे पडतात ते दुर्बिणीतून बघायची. त्या भरकटत होत्या. स्वतः भरलेली काडतुसं त्याला जमत नव्हती. एक गोळी वर, एक खाली. तो हताश होऊन पुंगळ्या गोळा करायचा, आणि ते पाहून पद्मजाला दोन-तीन दिवस जेवण गोड लागायचं. तेवढंच. त्यापलीकडे तिच्या हाती काही नव्हतं. २००७ च्या गणपतीपर्यंत.

बेलव्ह्यूच्या एका शाळेच्या कॅफेटेरियात मंडळाचा गणपती होता. आरती झाली, प्रसादाची रांग लागली, पद्मजा आमटी वाढायला उभी होती. निमिष प्लेट घेऊन तिच्याशेजारी येऊन उभा राहिला. आपली तक्रार गुप्त राहिली आहे याची त्याला खात्री होती. त्याच्या वागण्यात तसूभरही फरक नव्हता, आणि नेमकं तेच तिला सहन होत नसे.

"काकू, can I ask you something?"

"विचार."

"दोन वीक्सनी मॅच आहे. आय हॅव ट्राइड एव्हरीथिंग, पण ग्रुप होल्डच होत नाही, गोळ्या एका जागी पडतच नाहीत. काकांची दारू घेतली, सेम गोळी घेतली. फक्त किती घालायची ते माहीत नाही. काका किती घालायचे?"

पद्मजाचे कान तापले. ज्याचं नाव यानं पुसलं, त्याचंच गुपित हा पेढा मागावा तसं मागत होता. खोटं सांगावं असं क्षणभर तिच्या मनात आलं. पण मोजमापात खोटं बोलायला तिची जीभ उचलेना. ती म्हणाली, "एकोणचाळीस. एकोणचाळीस ग्रेन."

निमिषनं प्लेट सांभाळत एका हातानं फोन काढला. त्या छोट्या पडद्यावर त्यानं काय दाबलं ते तिनं स्पष्ट पाहिलं. 41.

एक आणि चाळीस, असं जोडून त्यानं एक्केचाळीस केले होते. "Wow," तो पुटपुटला. "दॅट्स ओव्हर द बुक. काका was brave."

आता बोलायला हवं होतं. "परत म्हण" एवढे दोन शब्द. तीस वर्षं, रोज वीस वेळा पाळलेला नियम. पद्मजानं पळीनं त्याच्या प्लेटमध्ये आमटी वाढली आणि म्हणाली, "मोदक घे. तूप पुढे आहे."

पुढचे चौदा दिवस ती सुखात होती. हो, सुखात. त्या दारूचे दोन ग्रेन जास्त म्हणजे काय, हे तिच्याइतकं कोणाला माहीत होतं? आत दाब भलताच चढणार. नशीब बरं असेल तर पुंगळी आत अडकून बसेल, बंदुकीचा बोल्ट, म्हणजे मागची खीळ, हातोडीनं ठोकावा लागेल, आणि सगळ्या क्लबासमोर शोभा होईल. नशीब बरं नसेल तर तापलेला वायू उलटा तोंडावर येईल. भाजी चिरताना ती हे सगळं पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर आणायची. सुरुवातीला नुसती शोभा बघायची. चौथ्या दिवसापासून ती त्याचा डोळाही बघू लागली. गेला तर गेला. मी तर खरं सांगितलं होतं. एकोणचाळीस म्हणजे एकोणचाळीस. त्याचा कान फुटका, त्याला मी काय करू? अशी ती आपली बाजू फोडणीच्या कढईसमोर मांडायची, आणि समोर वकील कोणी नसल्यामुळे रोज जिंकायची.

मॅचच्या शनिवारी ती तांबडं फुटायच्या आत निघाली. डोंगराच्या या बाजूला पाऊस होता, पलीकडे कोरडं ऊन आणि वारा. रेंजवर झेंडे फडफडत होते. स्कोअरर वाटून द्यायच्या चिठ्ठ्या निघाल्या आणि पद्मजाच्या वाट्याला निमिषच आला. ती जरासुद्धा दचकली नाही. उलट तिला वाटलं, पुरुषोत्तमनंच ही चिठ्ठी काढली असावी.

निमिष मॅटवर पालथा झाला. उशाला त्यानं काडतुसांचा डबा उघडून ठेवला. डब्याच्या झाकणावर त्यानं नेटकी पट्टी चिकटवली होती: तारीख, गोळी, दारू, 41.0. पद्मजा त्याच्या मागे दोन हातांवर खुर्ची टाकून बसली, दुर्बीण लावली, कार्ड मांडीवर घेतलं. कार्डाच्या डोक्यावर नाव लिहिलं. मग तारीख लिहायला घेतली.

आकडे ती अजून मराठीतच मोजायची. तीस वर्षं अमेरिकन हॉस्पिटलात काढूनही मनातली बेरीज मराठीतच. सप्टेंबर लिहून झाला, पेन पुढे सरकलं, आणि ओठ नेहमीसारखे आपोआप हलले: एकोणतीस.

पेन थांबलं.

एकोणचाळीसचे ज्यानं एक्केचाळीस केले, तो एकोणतीसचे किती करील? एकतीस. "एकोणतीस गेले." शेजारच्या मॅटवरच्या माणसानं काय ऐकलं असेल? एकतीस गेले. म्हणजे पाचशे एकोणसत्तर. आणि कार्डावर पाचशे एकाहत्तर. दोन गुण जास्त.

चार वर्षं जो हिशोब हलला नव्हता, तो एका फटक्यात पालटला. पोरगा खोटं बोलला नव्हता. त्यानं जे ऐकलं ते प्रामाणिकपणे सांगितलं होतं. गाढवासारखं सांगितलं होतं, पण प्रामाणिकपणे.

"लोड," रेंज ऑफिसरचा आवाज भोंग्यावर आला. निमिषनं काडतूस आत सरकवलं, बोल्ट लावला, गाल लाकडाला टेकवला.

"सीझ फायर." ते आपलेच शब्द आहेत हे तिला ओरडून झाल्यावर कळलं. खुर्ची मागे पडली होती आणि ती उभी होती. "सीझ फायर, सीझ फायर."

गोळीबार थांबवायचा हुकूम तिथे कोणीही देऊ शकतो आणि तो सगळ्यांना पाळावाच लागतो. तीस बोल्ट उघडले. रेंज ऑफिसर धावत आला. पद्मजानं डब्याच्या झाकणावरच्या पट्टीवर बोट ठेवलं. तो स्वतः काडतुसं भरणारा, दारूचं नाव आणि आकडा वाचून त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. निमिषच्या बंदुकीतलं काडतूस त्यानं स्वतः बाहेर काढलं.

"काकू, व्हॉट आर यू डूइंग?" निमिष गुडघ्यांवर आला होता. "तुम्हीच तर सांगितलं."

"काय सांगितलं मी?"

"एकोणचाळीस."

"म्हणजे किती?"

"Forty-one."

"आणि एकोणतीस म्हणजे?"

"Thirty-one," तो म्हणाला, आणि म्हणताना काही कळल्याचं चिन्ह त्याच्या चेहऱ्यावर नव्हतं.

"एकोणतीस म्हणजे एक कमी तीस, निमिष. ट्वेंटी-नाइन. तुझ्या काकांचे एकोणतीस गेले होते."

त्याला समजायला वेळ लागला. ती बघत राहिली. चार वर्षं तिला हेच तर बघायचं होतं, याचा चेहरा उतरताना. आधी ओठ पांढरे झाले, मग त्यानं मॅटवर हात टेकला. तिला वाटलं होतं त्यातलं निम्मंही सुख तिला झालं नाही.

"पण नाइन्टीन म्हणजे एकोणीस, ते मला येतं," तो म्हणाला. "काकू, आपण शाळेत वीसपर्यंतच केलं होतं. तुम्ही म्हणाला होतात, रेस्ट नेक्स्ट इयर. मग क्लासच बंद झाला."

ते खरं होतं. त्या वर्षी रविवारच्या मॅच सुरू झाल्या होत्या. पुरुषोत्तमबरोबर जायचं म्हणून तिनंच वर्ग बंद केला होता, एकविसाव्या आकड्याच्या तोंडावर.

निमिषनं त्याच दिवशी क्लबाच्या ऑफिसात बसून पत्र लिहिलं. ती त्याच्या डोक्यावर उभी होती, आणि "कन्फ्यूजन" हा शब्द तिनं खोडायला लावून तिथे "माझी चूक" घालायला लावलं. नोव्हेंबरात विक्रमाच्या पाटीवर पितळी अक्षरांत नाव चढलं: पी. हसबनीस, ५७१. टाळ्या वाजल्या. पद्मजा टाळी न वाजवता उभी राहिली. ज्याच्यासाठी वाजवायची, तो नव्हता.

निमिषला तिनं माफ केलं असं कोणाला वाटत असेल, तर तो पद्मजाला ओळखत नाही. तिनं त्याला शिक्षा दिली. दर रविवारी सकाळी दहाला गॅरेजात यायचं, काडतुसं भरायची, आणि प्रत्येक पुंगळीला मराठीत आकडा म्हणायचा. चहा नाही, पोहे नाहीत. चुकला की पहिल्यापासून.

तिसऱ्या रविवारी बाहेर रेडमंडचा बारीक पाऊस चालू होता. निमिष सत्तावीसपर्यंत न चुकता आला. अठ्ठाविसाव्या पुंगळीत त्यानं दारू ओतली, "अठ्ठावीस" म्हटलं, आणि शाबासकीच्या आशेनं मान वर केली.

पद्मजा तराजूकडे बघत म्हणाली, "गणपतीत तू फोनमध्ये लिहिलेलं मी वाचलं होतं."

"काय?"

"एक्केचाळीस. तेव्हाच वाचलं. चौदा दिवस मला माहीत होतं."

निमिषनं हातातलं नरसाळं हळूच टेबलावर ठेवलं. तो तिच्याकडे, म्हणजे तिच्या कानाच्या पाळीकडे कुठेतरी, बघू लागला. "But you stopped it," तो म्हणाला. "तुम्ही थांबवलंत."

"तारीख एकोणतीस होती म्हणून."

हे वाक्य त्याला समजावून सांगावं लागलं नाही. त्याचा हात नकळत डोळ्याकडे गेला. मग लहानपणी वर्गात विचारायचा तसं, अडखळत, पण पूर्ण मराठीत त्यानं विचारलं, "आणि तीस असती तर?"

पद्मजानं तराजूचा काटा शून्यावर येऊ दिला. रिकामी पुंगळी उचलून त्याच्यासमोर ठेवली.

"पुढचा आकडा सांग," ती म्हणाली.

"एकोणतीस."

"परत म्हण."